तेथे ती 'सोय', येथे तो 'तोटा'

उन्हाळ्याची सुट्टी सरली की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय बैठकींतून युरोपच्या प्रवासवर्णनांना बहर येतो. पूर्वी हा योग क्वचित येई. आता निवृत्त अधिकारी, व्यावसायिक, मुलगा वा मुलगी परदेशी असलेले आईबाप असे अनेक जण पंधरा दिवसांत सहा-सात देश पाहून येतात. या वर्णनांत राजवाडे असतात, हिमशिखरे असतात, सहल कंपनीने आल्प्सच्या पायथ्याशी वाढलेला आमरसही असतो. परंतु त्या सर्वांपेक्षा अधिक भक्तिभावाने वर्णिली जाते ती तेथील आगगाडी. मिनिटाच्या काट्यावर येणारी, स्वच्छ, धक्काबुक्की नसलेली. एका देशातून दुसऱ्या देशात केव्हा शिरलो हे कळतही नाही, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. मग एक निःश्वास सोडून वर्णनकर्ता निष्कर्ष काढतो : "तेथील लोकांना शिस्त आहे हो. आपल्याकडे हे व्हायचे नाही."

याच बैठकीत तासाभराने एस. टी.चा किंवा 'बेस्ट'चा विषय निघतो. तेव्हा हेच गृहस्थ तितक्याच ठामपणे सांगतात की, या संस्था म्हणजे पांढरे हत्ती आहेत, जनतेच्या पैशाने तोट्यातली बस चालविणे हा गुन्हा आहे, महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास म्हणजे निव्वळ रेवडी आहे आणि सारे एकदाचे खासगी कंपन्यांच्या हवाली करून सरकारने मोकळे व्हावे.

ही दोन मते एका डोक्यात सुखाने नांदतात, याचे कारण पहिल्या मतामागील वस्तुस्थिती त्या डोक्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. युरोपात ज्या गाडीने आपण मोहून जातो, ती राष्ट्रीय स्वभावातून निघालेली नाही आणि बाजारपेठेच्या कृपेनेही धावत नाही. ती सार्वजनिक मालकी, सार्वजनिक पैसा आणि दीर्घकाळ चाललेले राजकीय झगडे यांचे फलित आहे. भारतीय पर्यटक तेथे ज्या आसनावर बसतो, त्या आसनाचा मोठा खर्च तेथील करदात्याने उचललेला असतो. तो अनुदानावर प्रवास करतो आणि अनुदानाला शिव्या देत घरी परततो.

पासाचे अर्थशास्त्र

प्रस्तुत लेखकही याच वर्गातला. निवृत्तिवेतनावर सुखाने जगणारा. गेल्या वर्षी आम्ही उभयतांनी सहल कंपनीची आरामबस टाळून रेल्वेचा पास घेतला आणि लक्झेंबर्ग, स्ट्रासबुर्ग, बाझल, झुरिच, व्हिएन्ना असा प्रवास आगगाडीने, ट्रामने आणि बसने केला. त्या प्रवासाचे रसभरित वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. मात्र तो पास म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे.

युरोपबाहेरील प्रवाशांसाठी 'युरेल' पास १९५९ साली निघाला. युरोपातील तरुणांसाठी 'इंटररेल' १९७२ साली आला. प्रारंभी तो एकवीस वर्षांखालील मुलामुलींसाठी होता आणि एकवीस देशांत चालत असे. हे पास कोणा धाडसी उद्योजकाने काढलेले नव्हते. युरोपातील रेल्वे त्या काळी बहुतांशी सरकारी मालकीच्या होत्या. त्यांनी परस्परांत करार केला, आपल्या गाड्या एकमेकांच्या प्रवाशांना खुल्या केल्या आणि उत्पन्न वाटून घेतले. एका अर्थाने युरोपीय संघाच्या जन्मापूर्वीच एक युरोप रुळांवर अस्तित्वात आला होता. शेंगेन करारावर १९८५ साली सह्या झाल्या आणि सरहद्दीवरील तपासणी प्रत्यक्षात उठली ती १९९५ साली. त्याआधी दोन दशके एक पास खिशात घालून तरुण मुले देशोदेशी हिंडत होती.

पासाचे तत्त्व साधे आहे. गाडी निघायचीच असेल, तर तिच्या रिकाम्या आसनावर आणखी एक माणूस बसल्याने रेल्वेचा खर्च जवळजवळ वाढत नाही. खर्च असतो तो रूळ, पूल, बोगदे, गाड्या आणि माणसे यांचा. तो एकदा करावाच लागतो. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४४ सालीच पुलाच्या उदाहरणाने हा विचार मांडला होता. पुढे १९३८ साली हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने त्याला काटेकोर रूप दिले : ज्या सेवांत स्थिर खर्च प्रचंड आणि सीमान्त खर्च नगण्य असतो, तेथे भाडे सीमान्त खर्चाइतके कमी ठेवावे आणि स्थिर खर्च करांतून भागवावा, समाजाचे अधिकतम हित त्यातच आहे. म्हणजे अशा सेवेच्या ताळेबंदात 'तोटा' दिसणे हे नेहमीच गैरकारभाराचे लक्षण नसते. पुष्कळदा ते योग्य धोरणाचे लक्षण असते. पदव्युत्तर वर्गात हा सिद्धान्त शिकून बाहेर पडलेली माणसे अर्थखात्यात गेली की त्यांना तो कसा विसरतो, हे एक कोडेच आहे.

या तत्त्वाची कसोटी प्रवासात जागोजागी लागते. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी येथे पासधारक बहुतेक गाड्यांत आगाऊ आरक्षणावाचून चढू शकतो. फ्रान्स, स्पेन, इटली येथील वेगवान गाड्यांत मात्र आरक्षण सक्तीचे आणि त्याचे पैसे वेगळे. तेथे रेल्वेने विमान कंपन्यांचा धडा गिरवला आहे. मागणी पाहून तासातासाला भाडे बदलायचे आणि आयत्या वेळी निघणाऱ्याचा खिसा कापायचा. एकाच पासावर प्रवास करताना दोन विचारसरणींच्या राज्यांतून आपण जातो, हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला सहज कळते.

भांडवलदारांच्या देशातले नियोजन

स्वित्झर्लंड हा बँकांचा आणि भांडवलाचा देश. तेथे समाजवादाची भीती बाळगणाऱ्यांची संख्या आपल्यापेक्षा थोडीही कमी नसेल. पण त्याच देशाने आपली रेल्वे बाजाराच्या भरवशावर सोडली नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील रेल्वे खासगी कंपन्यांच्या हाती होत्या आणि त्यांच्या समभागांवर परदेशी सट्टेबाजांचा खेळ चाले. २० फेब्रुवारी १८९८ रोजी मुख्य रेल्वेमार्ग राष्ट्राच्या मालकीचे करावेत काय, हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला आणि दोनतृतीयांशांहून अधिक मतांनी जनतेने होकार दिला. १९०२ साली संघीय रेल्वे सुरू झाली. आपल्याकडे राष्ट्रीयीकरण म्हटले की काहींना मॉस्को आठवते. त्यांना झुरिच आठवत नाही.

आता वेळेवर येणाऱ्या गाडीकडे वळू. स्विस गाडी वेळेवर येते ती स्विस माणूस घड्याळे बनवतो म्हणून नव्हे. १९८२ साली तेथे देशभर नवे वेळापत्रक आले : प्रत्येक मार्गावर दर तासाला, ठरावीक मिनिटाला गाडी. पुढे 'रेल्वे २०००' ही योजना मांडली गेली आणि डिसेंबर १९८७ मध्ये तीही सार्वमताने मंजूर झाली. तिचा गाभा असा : झुरिच, बर्न, बाझल अशा मोठ्या स्थानकांत सर्व दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याच्या काही मिनिटे आधी पोहोचतील आणि ठोक्यानंतर काही मिनिटांनी एकामागून एक सुटतील. त्यामुळे प्रवासी कोठूनही कोठेही जावो, त्याला गाडी बदलण्यासाठी ताटकळावे लागणार नाही. त्यासाठी दोन केंद्रांमधला प्रवास तासाहून थोडा कमी वेळात होणे आवश्यक होते. झुरिच-बर्न प्रवासास तासाहून अधिक वेळ लागे. म्हणून नवा लोहमार्ग बांधण्यात आला आणि डिसेंबर २००४ पासून ते अंतर तासाच्या आत आले. तो मार्ग वेगाचा विक्रम करण्यासाठी बांधलेला नव्हता. आधी वेळापत्रक ठरवले, मग त्या वेळापत्रकाला जेवढा वेग हवा तेवढ्यापुरता रूळ टाकला.

आपल्याकडे बुलेट ट्रेनचा वेग आधी जाहीर होतो आणि स्थानकाबाहेर पडलेल्या प्रवाशाला पुढची बस मिळेल काय, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या लहानशा स्थानकावर उतरलो तरी दारात पिवळी पोस्टबस उभी असते, कारण तिचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकाला जोडलेले असते. एकाच तिकिटावर रेल्वे, बस, ट्राम आणि तळ्यातली आगबोट असा प्रवास होतो. जगातील अत्यंत भांडवलशाही देशाची वाहतूक ही जगातील अत्यंत नियोजनबद्ध वाहतूक आहे! नियोजन म्हणजे कालबाह्य समाजवाद्यांचे खूळ, असे मानणाऱ्यांनी या विसंगतीचे उत्तर द्यावे.

आणि पैसा? प्रादेशिक गाड्यांचा व बसचा जवळपास निम्मा खर्च तेथील केंद्र व कँटन सरकारे उचलतात. अवजड मालमोटारींवर २००१ पासून अंतर आणि वजन यांच्या प्रमाणात कर आहे. त्या उत्पन्नाचा मोठा वाटा रेल्वेकडे वळविण्यात आला. २०१६ साली खुल्या झालेल्या सत्तावन्न किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यासारखी कामे त्यातून उभी राहिली. रेल्वेच्या पायाभूत कामांसाठी कायमचा निधी असावा काय, हा प्रश्न २०१४ साली पुन्हा मतदारांपुढे गेला आणि बासष्ट टक्के मतदारांनी होय म्हटले. झुरिचच्या नागरिकांनी तर १९७३ साली भुयारी रेल्वेची योजना मतदानाने फेटाळली आणि १९७७ साली ट्राम-बसला रस्त्यावर अग्रक्रम देण्यासाठी निधी मंजूर केला. जमिनीखाली माणसे ढकलून वरचा रस्ता मोटारींना मोकळा करून देण्याऐवजी त्यांनी रस्ताच ट्रामला दिला. आज सिग्नल ट्राम येताना पाहून हिरवा होतो. याला कोणी शिस्त म्हणत असेल तर म्हणो. पण ती मतपेटीतून आलेली शिस्त आहे.

व्हिएन्नाचा हिशेब

व्हिएन्नात आपले पर्यटक शोनब्रुन राजवाडा पाहतात, मोझार्टच्या नावाची चॉकलेटे घेतात आणि पुढे निघतात. भुयारी रेल्वेच्या चौथ्या मार्गाने हायलिगेनश्टाट या शेवटच्या स्थानकापर्यंत फारसे कोणी जात नाही. त्या स्थानकासमोरच 'कार्ल मार्क्स होफ' उभे आहे : १९२७ ते १९३० या काळात व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली, किलोमीटरभराहून लांब, तेराशेहून अधिक घरांची वसाहत. फेब्रुवारी १९३४ मध्ये हुकूमशहा डॉलफुसच्या फौजांनी तिच्यावर तोफा डागल्या. वसाहत टिकली, डॉलफुस टिकला नाही. ज्या विचाराने ती घरे बांधली, त्याच विचाराचा वारसा त्या शहराच्या वाहतुकीत दिसतो.

मे २०१२ पासून व्हिएन्नाने वार्षिक पासाची किंमत ३६५ युरो केली. दिवसाला एक युरो. त्या दरात तो सुमारे तेरा वर्षे टिकला. आता तो वाढला आहे. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ही स्वस्ताई हवेतून आली नाही. त्याच वर्षी वाहने उभी करण्याचे शुल्क वाढविण्यात आले. शिवाय १९७० पासून त्या शहरात मालकवर्गाकडून भुयारी रेल्वेसाठी पट्टी वसूल केली जाते. २०१२ साली ती वाढवून प्रत्येक नोकरामागे आठवड्याला दोन युरो करण्यात आली. कामगार वेळेवर कामावर पोहोचतो याचा फायदा मालकाला होतो. तेव्हा त्या पोहोचण्याचा खर्च मालकानेही सोसावा, इतका तो सरळ न्याय आहे.

फ्रान्सने तर हाच न्याय राष्ट्रीय कायद्यात आणला. १९७१ साली पॅरिस परिसरासाठी आणि १९७३ पासून इतर शहरांसाठी तेथे 'वाहतूक देणे' सुरू झाले. ठरावीक संख्येहून अधिक नोकर असणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या वेतनखर्चाच्या काही टक्के रक्कम शहराच्या वाहतुकीसाठी द्यायची. स्ट्रासबुर्ग शहराच्या मध्यभागी १९९४ पासून जी देखणी ट्राम धावते, तिच्यासारख्या अनेक योजनांना या पैशाचा आधार मिळाला. आपले प्रवासी त्या ट्रामचे छायाचित्र काढतात. त्यांपैकी जे येथे कारखानदार आहेत, त्यांना अशा पट्टीची कल्पना सुचवून पाहावी!

लक्झेंबर्गने मार्च २०२० पासून देशातील सारी सार्वजनिक वाहतूक विनामूल्य केली. केवळ रेल्वेच्या पहिल्या वर्गाला भाडे आहे. तेथे बसमध्ये चढताना तिकीट काढण्यासाठी आपला हात सवयीने खिशाकडे जातो आणि तसाच परत येतो. मात्र भाडे रद्द केल्याने तेथील मोटारी नाहीशा झालेल्या नाहीत. स्वस्त भाडे ही एक अट आहे; गाडी वारंवार असणे, वेळेवर असणे आणि तिला रस्ता मोकळा असणे या तितक्याच महत्त्वाच्या अटी आहेत. निव्वळ भाडेकपातीवर टाळ्या घेणाऱ्या आपल्या राज्यकर्त्यांनी हेही ध्यानात ठेवलेले बरे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला असतो : ते देश श्रीमंत आहेत, त्यांना परवडते. परंतु कालक्रम तपासला तर हा युक्तिवाद ढासळतो. कार्ल मार्क्स होफ बांधणारे व्हिएन्ना हे पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या, साम्राज्य गमावलेल्या, उपासमार नुकतीच अनुभवलेल्या देशाचे शहर होते. आणि आपलाच इतिहास आपण का विसरावा? ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्य आठवड्यावर असताना, मुंबई महापालिकेने 'बेस्ट' खासगी कंपनीकडून ताब्यात घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. तो देश आजच्याहून कितीतरी गरीब होता, त्याला परवडले. आजच्या श्रीमंत मुंबईला परवडत नाही असे म्हणणारा मनुष्य अर्थशास्त्र सांगत नसतो, अग्रक्रम सांगत असतो.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. इटलीत २०१२ पासून आणि स्पेनमध्ये २०२१ पासून वेगवान मार्गांवर नव्या कंपन्या आल्या, भाडी उतरली आणि प्रवासी वाढले, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण ज्या रुळांवर ही स्पर्धा चालते ते रूळ कोणी टाकले? स्पेनचे वेगवान लोहमार्ग स्पॅनिश सरकारच्या आणि युरोपीय निधीच्या पैशातून उभे राहिले. माद्रिद-बार्सेलोनासारख्या गर्दीच्या मार्गावर साय खायला सारे येतात. खेड्यातल्या आडमार्गावर कोणी स्पर्धक फिरकत नाही. तो मार्ग सरकारी रेल्वेने सांभाळायचा आणि मग तिचा ताळेबंद तोट्यात दिसला की तिलाच अकार्यक्षम ठरवायचे! एस. टी.च्या वाहतुकीवर डोळा ठेवून फायद्याच्या मार्गांवर धावणाऱ्या खासगी आरामगाड्यांचे गणित ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगायला नको.

पूर्ण खासगीकरणाचा प्रयोग ब्रिटनने करून पाहिला. १९४८ साली राष्ट्रीय झालेली रेल्वे १९९३च्या कायद्याने तुकडे करून विकण्यात आली. रूळ एका कंपनीकडे, गाड्या दुसऱ्यांकडे, डबे तिसऱ्यांकडे आणि दुरुस्ती ठेकेदारांकडे. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्ड येथे तडे गेलेला रूळ तुटून गाडी घसरली आणि चार जण मरण पावले. आपल्या रुळांची नेमकी अवस्था काय आहे हे मालक कंपनीलाच सांगता येईना. देशभर गाड्यांचा वेग उतरवावा लागला आणि वर्षभरात ती कंपनी बुडाली. रूळ पुन्हा सार्वजनिक छत्राखाली आले. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रवासी गाड्याही सार्वजनिक मालकीत परत आणण्याचा कायदा झाला आणि मे २०२५ पासून एकेक कंपनी सरकारकडे येऊ लागली. तीन दशकांचा हा महागडा वळसा ज्यांनी घेतला ते परत फिरत असताना, आपण मात्र तोच रस्ता नवा म्हणून धरू पाहत आहोत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या बाजूच्या लोकांनी ऐकला पाहिजे. जर्मनीची रेल्वे शंभर टक्के सरकारी मालकीची आहे. तरी २०२४ साली तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम बासष्ट-त्रेसष्ट टक्के गाड्या वेळेवर धावल्या. उशिरा येणाऱ्या काही जर्मन गाड्या स्विस रेल्वे सरहद्दीवरच थांबवते आणि पुढचा मार्ग स्वतःच्या गाडीने पार पाडते, म्हणजे आपले वेळापत्रक बिघडत नाही. मग शिस्तप्रिय जर्मनांचे झाले काय? झाले ते असे : १९९४ साली तिला कंपनीचे रूप दिले गेले, समभाग बाजारात विकण्याची तयारी चालली आणि २००८च्या आर्थिक अरिष्टात तो बेत बारगळला. दरम्यान बाजाराला सुंदर दिसण्यासाठी मार्ग, सांधे, कर्मचारी यांच्यावर कात्री चालली होती. स्वस्त 'जर्मनी-तिकीट' मे २०२३ मध्ये आले ते लोकांनी उचलून धरले. पण ४९ युरोंचे ते तिकीट २०२५ साली ५८ आणि २०२६ साली ६३ युरोंवर गेले, कारण केंद्र व राज्ये खर्चावरून भांडत राहिली. धडा स्पष्ट आहे. नावापुरती सार्वजनिक मालकी पुरेशी नाही. तिच्यामागे सातत्याने पैसा, नियोजन आणि जनतेचा अंकुश नसेल, तर सरकारी संस्थाही खासगी कंपनीसारखीच वागू लागते.

ही उणीव सरहद्दीवर सर्वांत अधिक जाणवते. रात्रीच्या गाड्या हे युरोपीय प्रवासाचे एके काळचे वैभव. संध्याकाळी एका देशात निजावे आणि सकाळी दुसऱ्या देशात जागे व्हावे. जर्मन रेल्वेने २०१६ साली आपल्या शयनगाड्या बंद केल्या. त्यांतील काही ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेने चालवायला घेतल्या. पॅरिस-व्हिएन्ना रात्रगाडी २०२१ साली पुन्हा सुरू झाली आणि फ्रेंच सरकारने अनुदान काढून घेताच डिसेंबर २०२५ मध्ये बंद पडली. विमानांच्या आंतरराष्ट्रीय इंधनावर मात्र युरोपात कर नाही. करमुक्त विमान स्वस्त पडते, रेल्वे महाग पडते आणि मग लोकांनीच विमान निवडले, असे म्हणून बाजाराचा कौल सांगितला जातो. तराजूत आधीच पासंग ठेवून केलेल्या मापाला कौल म्हणत नाहीत.

आपल्या दारातला प्रश्न

युरोपची आरती ओवाळणे हा या लेखाचा उद्देश नाही. प्रश्न आपल्या दारातला आहे. युरोपच्या रेल्वे पासावर साठी उलटलेल्या परदेशी पाहुण्यालाही दहा टक्के सूट मिळते. भारतीय रेल्वेने मात्र ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये साथीचे कारण सांगून थांबविली. साथ गेली, सवलत परतली नाही. विमानाने युरोपला जाणाऱ्यांना ती नसल्याने फरक पडत नाही. नांदेडहून मुंबईला उपचारांसाठी येणाऱ्या म्हातारीला पडतो.

मुंबईतील सागरी किनारा मार्गावर महापालिकेने तेरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्च केले. २०२४ साली तो खुला झाला. त्यावर पथकर नाही आणि दुचाकी वा रिक्षा यांना मज्जाव आहे. त्या रस्त्याचा 'तोटा' कोणी मोजत नाही. त्याला विकास म्हणतात. 'बेस्ट'ला द्यावयाचे काही शे कोटी मात्र तोटा ठरतात. पूर्वी 'बेस्ट' विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून काढी. जर्मन भाषिक शहरांतही नगरपालिकांनी हीच रीत वर्षानुवर्षे सांभाळली आहे. २००३च्या वीज कायद्यानंतर आपली ती वाट अरुंद होत गेली. एके काळी चार हजारांवर बस बाळगणाऱ्या या संस्थेच्या स्वतःच्या गाड्या आता शेकड्यांत मोजाव्या लागतात. उरलेल्या गाड्या ठेकेदारांच्या; ते परवडेनासे झाले की अंग काढून घेतात आणि त्यांचे चालक तुटपुंज्या वेतनासाठी संपावर जातात. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा झाले. पुण्याने २००६ साली बससाठी राखीव मार्ग आखला आणि पुढे ठिकठिकाणी तो उखडून मोटारींना परत दिला. झुरिचने नेमके याच्या उलट केले होते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मोठ्या शहरांतील आस्थापनांवर वाहतुकीसाठी वेतनपट्टी बसवावी आणि ती फक्त बस व रेल्वेवरच खर्च व्हावी. रस्त्यावर मोटार उभी करण्याचे खरे मूल्य वसूल करावे. मुख्य रस्त्यांवर बसला राखीव जागा मिळावी आणि ती कोणत्याही नगरसेवकाच्या दडपणाखाली काढली जाऊ नये. एस. टी., नगरपालिकांच्या बस आणि रेल्वे यांचे वेळापत्रक एकमेकांना जोडावे व तिकीट एक असावे. ठेकेदारी थांबवून चालक-वाहकांना कायम नोकरी द्यावी. यांपैकी एकही गोष्ट अव्यवहार्य नाही. यांपैकी बहुतेक आपले पर्यटक स्वतः अनुभवून, वाखाणून आलेले आहेत.

त्यांना आपले एकच सांगणे आहे. परदेशी गाडीचे कौतुक खुशाल करा, पण तिचे बिल कोणी भरले आणि कोणत्या लढ्यानंतर भरले, हेही सांगा. आणि महापालिकेच्या अर्थसंकल्पात 'बेस्ट'चा किंवा पुण्याच्या बससेवेचा आकडा कापला जाईल, त्या दिवशी बैठकीत निःश्वास टाकत बसू नका; बसथांब्यावर उभे असलेल्यांच्या मोर्चात सामील व्हा. स्विस माणसाने आपली रेल्वे पुन्हा पुन्हा मत देऊन मिळविली आहे. आपल्यालाही ती अन्य कोणत्या मार्गाने मिळणार नाही.